शेततळ्याचे पाणी दिवाळीनंतर झपाट्याने उतरते : कागद उचकटण्यापूर्वी करायच्या तपासण्या

लक्षणे

सप्टेंबरअखेर सांडव्यावरून वाहणारे तळे दिवाळीपर्यंत हातभर उतरते आणि नाताळात अर्ध्यावर येते. पंप बंद असलेल्या दिवशीही पातळी खाली जाते. बांधाच्या बाहेरचा एखादा पट्टा ऐन जानेवारीत हिरवागार आणि पायाखाली मऊ लागतो. पाणी एका ठरावीक उंचीपर्यंत भराभर उतरते आणि मग तिथेच बरेच दिवस थांबते. मार्चनंतर तळ्याच्या पाण्याची चव बदलते आणि पालकाच्या पानांच्या कडा करपू लागतात. पावसाळ्यात तळाचा कागद, म्हणजे पाणी मुरू नये म्हणून घातलेले प्लास्टिकचे अस्तर, मधोमध फुगून पाण्याच्या वर डोकावतो. यांपैकी एकही लक्षण दिसले, तरी बहुतेक जण एकच निष्कर्ष काढतात की कागद फाटला, आणि छिद्र शोधायला स्वतः तळ्यात उतरतात.

मुंबईच्या उत्तरेकडील खाडीकाठच्या मनोरीतील आमची वाडी आणि शेजारच्या गोराईपर्यंतच्या ओळखीच्या वाड्या येथील अस्तराच्या तळ्यांची ही तक्रार मी गेली अनेक वर्षे दर हिवाळ्यात हाताळत आलो आहे. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक वेळा कागदाला छिद्र नव्हतेच. उलट, छिद्र शोधण्यासाठी उतरलेल्या माणसाच्या पायाने, बांबूने किंवा घमेल्याच्या कडेने पहिले खरे छिद्र पडल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. म्हणून पुढील क्रम पाळावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आधीच्या तपासण्यांना बादली, फूटपट्टी आणि चार-पाच दिवसांचा संयम एवढेच लागते, आणि पुढच्या पायरीवर जाण्याची गरज आहे की नाही हे त्याच ठरवतात.

आकड्यांचा अंदाज आधी हवा

मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात साधारण २२०० मिमी पाऊस पडतो. १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. उदाहरणादाखल आमचेच तळे घेतो. पाण्याच्या पृष्ठभागी ते १२ मीटर लांब व १० मीटर रुंद आहे, खोली अडीच मीटर आणि उतार एकास एक आहे. त्यात सुमारे १ लाख ८० हजार लिटर पाणी मावते. त्या १२० चौरस मीटरांवर थेट आकाशातून पडणारा पाऊसच अडीच लाख लिटरांहून अधिक होतो. छपराच्या पागोळ्या पन्हळीतून आणल्या नाहीत तरी तळे भरते. मराठवाड्यातील शेतकऱ्याला तळे भरेल का याची चिंता असते. आपल्याकडे प्रश्न भरण्याचा नसून ते पाणी मेअखेरपर्यंत राखण्याचा आहे, कारण खाडीकाठच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात आणि गोड्या पाण्याचा दुसरा आधार फारसा नसतो.

आता दुसरी बाजू. पावसाळा संपल्यावर उघड्या पाण्याचे दररोज साधारण ४ ते ५ मिमी बाष्पीभवन होते. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत या एकाच कारणाने पातळी जवळपास १ मीटर उतरते. अडीच मीटर खोलीच्या तळ्यात वरचा १ मीटर म्हणजे अर्ध्याहून अधिक पाणी, कारण तळे वर रुंद आणि खाली अरुंद असते. ज्याने हा हिशेब कधी मांडलेला नाही, त्याला निरोगी तळेसुद्धा गळके वाटणे स्वाभाविक आहे.

पहिली तपासणी : बादली

या तपासणीचा खर्च शून्य आहे आणि हिच्याशिवाय पुढे जाऊच नये. एका बादलीत तळ्याचेच पाणी दोन-तृतीयांश भरावे, तळाशी दोन धोंडे ठेवावेत आणि ती बादली मोटारीच्या जुन्या ट्यूबमध्ये बसवून काठाजवळ तरंगत ठेवावी. दोन बाजूंनी दोर बांधून ती एका जागी राहील असे करावे. बादलीचा बराचसा भाग पाण्यात बुडालेला असणे आवश्यक आहे, कारण बाष्पीभवन पाण्याच्या तापमानावर अवलंबून असते. काठावर उन्हात ठेवलेली बादली लवकर तापते आणि चुकीचे उत्तर देते. तळ्याच्या पातळीसाठी काठावरून हात पोहोचेल अशा पक्क्या जागी, उदाहरणार्थ आत येणाऱ्या पाइपाला, स्टीलची पट्टी उभी बांधावी.

पंप पूर्ण बंद ठेवून पाच दिवस रोज सकाळी एकाच वेळी दोन्ही पातळ्या वहीत लिहाव्यात. पाच दिवसांत बादलीतील पाणी २३ मिमी उतरले आणि तळ्यातीलही २५ मिमी उतरले, तर गळती नाही. तो फरक मोजण्याच्या चुकीतला आहे. बादली २३ मिमी आणि तळे ६८ मिमी उतरले, तर ४५ मिमी, म्हणजे दिवसाला ९ मिमी पाणी कुठेतरी जात आहे. ९ मिमी गुणिले १२० चौरस मीटर म्हणजे दररोज १०८० लिटर. हा आकडा पुढे कागद वितळवून जोडणाऱ्या वेल्डिंगवाल्याला सांगण्यासाठीही उपयोगी पडतो, म्हणून तो जपून ठेवावा. मधल्या काळात अवकाळी पाऊस झाला आणि छपराचे पाणी तळ्यात आले, तर ती मोजणी टाकून द्यावी आणि नव्याने सुरू करावी. पाऊस किती झाला हे बातम्यांतून घेऊ नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिमी पावसाची नोंद झाली, तेव्हा कुलाब्यात ती १०० मिमीच्याही आत होती. आपल्या वाडीवरचा पाऊस आपल्याच पर्जन्यमापकाने मोजलेला बरा.

दुसरी तपासणी : पंप आणि नळ्या

बादलीने गळती दाखवली तरी कागदाकडे जाण्यापूर्वी नळ्या पाहाव्यात, कारण येथे दोष सापडला तर तो शंभर-दोनशे रुपयांत मिटतो. आपल्याकडील पुष्कळ वाड्यांत भाजीचे वाफे तळ्याच्या पातळीपेक्षा खाली असतात. पंप बंद केल्यावरही पाण्याने भरलेल्या नळीतून पाणी आपोआप खाली ओढले जाते, आणि नळीचे टोक जर वाफ्यात किंवा चरात बुडालेले असेल तर ते रात्रभर वाहत राहते, कोणाच्या लक्षातही येत नाही. फुटव्हॉल्व, म्हणजे पाण्यातल्या नळीच्या टोकाची झडप, पाणी मागे येऊ देत नाही, पण पुढे जाणारे पाणी तो अडवत नाही. त्यामुळे फुटव्हॉल्व नवा आहे या समाधानात राहू नये. पाच दिवसांची मोजणी नळी पंपापासून सोडवून, तिचे तोंड पाण्याच्या पातळीच्या वर बांधून पुन्हा करावी. फरक नाहीसा झाला तर दोष सापडला. नळीच्या सर्वांत उंच जागी हवा आत घेणारा छोटा व्हॉल्व बसवला की हा त्रास कायमचा जातो.

एका शेजारच्या मावशींच्या तळ्याला दोन हिवाळे गळके म्हणून दोष दिला गेला, आणि कागद बदलण्याचा दरही मागवला गेला. प्रत्यक्षात ठिबकच्या उपनळीचे शेवटचे बूच उंदरांनी कुरतडले होते आणि पाणी केळीच्या बुंध्यात मुरत होते. त्या कोपऱ्यातल्या केळी बाकीच्यांपेक्षा दुप्पट जोमाने वाढलेल्या होत्या. तो संकेत आम्हां सर्वांच्या डोळ्यांसमोर असूनही कोणी वाचला नव्हता.

तिसरी तपासणी : काठ

तळे एका उंचीच्या वर कधी भरतच नाही किंवा भरल्यावर तेवढ्याच उंचीपर्यंत लगेच उतरते, तेव्हा काठ पाहावा. नवा भराव पहिल्या दोन पावसाळ्यांत बसतो, आणि तो चारही बाजूंनी सारखा बसत नाही. एक कोपरा चार बोटे खचला तरी त्या चार बोटांचे पाणी संपूर्ण तळ्यावरून निघून जाते. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी पाण्याने भरून चारही कोपऱ्यांची उंची ताडून पाहावी. डोळ्यांना सपाट दिसणारा बांध नळीवर सपाट निघेलच असे नाही.

काठाची दुसरी बाब अधिक सूक्ष्म आहे. कागदाची कडा दाबण्यासाठी टाकलेली गोणपाटे, जुनी चादर, दोरखंडाचे गुंडाळे किंवा गवताची जाड मुळे जर एका टोकाने पाण्यात आणि दुसऱ्या टोकाने बांधापलीकडच्या मातीत असतील, तर निरांजनाच्या वातीतून तेल चढते तसे पाणी त्यांतून वर चढून बाहेर झिरपत राहते. कागद पाण्याला कितीही नाकारणारा असला, तरी त्याच्यावर टाकलेले गोणपाट पाण्याला ओढून घेणारे असते. काठावरून पाण्याला टेकणारी अशी प्रत्येक वस्तू दूर करावी आणि पुन्हा बादली लावावी.

कागदाची कडा ज्या चरात पुरलेली असते, तो चरही याच वेळी पाहून घ्यावा. काठावरची माती पावसाने वाहून गेली, की कडा उघडी पडते, वारा तिच्याखाली शिरतो आणि एवढा मोठा कागद शिडासारखा फडफडू लागतो. समुद्रावरून येणाऱ्या पावसाळी वाऱ्यात अशी कडा एका रात्रीत चरातून सुटू शकते. मातीने भरलेल्या पोत्यांनी ती लगेच दाबावी. दगड कधीही ठेवू नयेत, कारण ते घसरून उतारावरून खाली जातात आणि जाताना कागद कापतात.

चौथी तपासणी : गाळ

तळे लवकर भरते आणि लवकर संपते, बादलीची तपासणी मात्र गळती दाखवत नाही, अशा वेळी तळ्याची खोलीच कमी झालेली असते. छपराच्या किंवा उताराच्या पाण्याबरोबर माती, पालापाचोळा आणि शेवाळ येऊन तळाशी बसते. खोली मोजण्यासाठी टोकदार काठी वापरू नये. दोरीला वाळूने भरलेली कापडी पिशवी बांधून सोडावी. गाळ काढायचा झाल्यास प्लास्टिकच्या सुपाने किंवा गाळ-पंपाने, तोही उन्हाळ्याच्या शेवटी पाणी कमी असताना काढावा. फावडे तळ्यात नेऊ नये. पाणी आत येते तिथे एक छोटा गाळ-खड्डा आणि जाळी केली असेल, तर हा प्रसंग फार वर्षांनी येतो.

पाचवी तपासणी : खारटपणा

ही तपासणी कोकणपट्टीतील खाडीकाठच्या तळ्यांनाच लागू पडते, आणि माझ्या मते ती सर्वांत कमी वापरली जाते. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजण्याचे पेनाएवढे यंत्र काही शे रुपयांत मिळते. पावसाचे साठवलेले पाणी ऑक्टोबरमध्ये मोजून आकडा लिहून ठेवावा. चांगल्या तळ्यात तो शंभराच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. बाष्पीभवनाने पाणी उडते आणि क्षार मागे राहतात, त्यामुळे नुसत्या बाष्पीभवनाने पाणी निम्मे झाले तर आकडा साधारण दुप्पट होईल, हे अपेक्षितच आहे. पण मार्चमध्ये तो दहापट झाला असेल, तर बाहेरचे खारे पाणी आत येत आहे.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. छिद्र हे दुतर्फा दार असते. तळ्याची पातळी भोवतालच्या भूजलापेक्षा उंच असते तोवर पाणी बाहेर जाते. तळे रिकामे होत जाऊन पातळी भूजलाच्या खाली गेली, की तेच छिद्र मचूळ पाणी आत घेते. म्हणून दिवाळीत उतरणारे आणि एप्रिलमध्ये न उतरणारे, पण खारट होणारे तळे दिसले, तर छिद्र तळाजवळ आहे असे मी जवळजवळ खात्रीने सांगतो. असे पाणी पालेभाज्यांना देणे तत्काळ थांबवावे, कारण खाऱ्या पाण्याने जमीन एकदा बिघडली की ती पुढच्या पावसानेच धुऊन निघते.

सहावी तपासणी : पाण्याची रेघ आणि रंग

येथवर काहीच सापडले नाही आणि बादली मात्र गळती दाखवते आहे, तर आता कागदाकडे वळावे. पण तळ्यात उतरण्याची गरज अजूनही नाही. तळ्याचे पाणी वापरत राहावे आणि दर आठवड्याला बादलीची मोजणी करत राहावे. ज्या पातळीला बादली आणि तळे सारखेच उतरू लागतात, त्या पातळीच्या किंचित वर, तळ्याच्या चारही बाजूंना जाणाऱ्या आडव्या पट्ट्यात कुठेतरी छिद्र आहे. शेकडो चौरस फुटांचा शोध त्यामुळे हातभर रुंदीच्या पट्ट्यापुरता उरतो. मला ठाऊक असलेल्या युक्त्यांपैकी हीच सर्वांत मोलाची आहे, कारण तिच्यासाठी वाट पाहण्याखेरीज काहीच करावे लागत नाही.

तो पट्टा काठावरूनच नीट न्याहाळावा. आधी पाइप कागदातून जिथे बाहेर जातो, तो गळा पाहावा. माझ्या पाहण्यातल्या खऱ्या गळतींपैकी सर्वाधिक येथेच होत्या. पाइप कडक असतो आणि कागद लवचीक असतो. भराव बसला की कागद खाली ओढला जातो, पाइप जागेवर राहतो आणि मधला जोड ताणून उघडतो. त्यानंतर कोपरे पाहावेत, जिथे कागदाच्या घड्या पडतात. मग दोन पट्ट्यांचा जोड पाहावा. शेवटी नखांचे ओरखडे शोधावेत. भटके कुत्रे पाणी प्यायला उतरते, घसरते आणि वर येण्याच्या धडपडीत समांतर चार-चार चिरा पाडते. खेकडे आणि घुशी बांधाच्या बाजूने पोखरत येतात; त्यांची बिळे बांधाच्या बाहेर दिसतात, म्हणून तीही पाहावीत. लव्हाळ्याचा कोंब पातळ मल्चिंगचा कागद भोसकून वर येतो हे भाजी लावणाऱ्यांना ठाऊक आहे. तळ्याच्या पातळ अस्तरालाही त्याचे भय असते.

संशयाची जागा मिळाली, की वारा पडलेला असताना, पहाटे, खाण्याचा रंग घट्ट कालवून सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजने आणि लांब नळीने त्या जागेजवळ हळूच सोडावा. रंग जागेवर रेंगाळत पसरला तर तिथे काही नाही. रेघ होऊन एका बिंदूकडे ओढला गेला तर छिद्र सापडले. तिथे काठावर खूण करावी आणि छायाचित्र घ्यावे.

छिद्राच्या आकारावरून नुकसानाचा अंदाज बांधताना खालची माती विचारात घ्यावी. कागदाखाली घट्ट चिकणमाती कागदाला टेकून असेल, तर लहान छिद्रातून फार थोडे पाणी जाते, कारण माती स्वतःच बुचासारखी बसते. मनोरी-गोराईच्या रेताड जमिनीवर मात्र, वर २ मीटर पाणी असताना ५ मिमीचे एक छिद्र दिवसाला काही हजार लिटर सोडू शकते. म्हणून अस्तर घालताना खाली चाळलेल्या मातीचा थर किंवा जिओटेक्स्टाइल या जाड कृत्रिम कापडाची गादी देणे हा वायफळ खर्च नाही.

स्वतः करता येण्याजोगी दुरुस्ती

पाण्याच्या पातळीच्या वर उघडे पडलेले, तळहाताएवढ्या ठिगळाने झाकता येईल असे छिद्र काठावर सुरक्षित बसून दुरुस्त करता येते. येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. पॉलिथिनच्या ज्या गुणामुळे अळवावरच्या पाण्यासारखे पाणी त्याला धरत नाही, त्याच गुणामुळे साधा गोंद, पाइप चिकटवण्याचे सोल्युशन किंवा सायकलच्या ट्यूबचे ठिगळही त्याला धरत नाही. दोन दिवस चिकटल्यासारखे वाटते आणि पहिल्या उन्हात सुटते. दुहेरी चिकट ब्युटाइल टेप तात्पुरती चांगली बसते. त्यासाठी जागा धुऊन, पूर्ण वाळवून, बारीक पॉलिश पेपरने खरवडून घ्यावी आणि त्याच जातीच्या कागदाचे गोल कोपऱ्यांचे ठिगळ छिद्राच्या चहूबाजूंनी किमान १५ सेमी पुढे जाईल असे बसवून रबरी रोलरने दाबावे. चौकोनी कोपरे उचकटतात, म्हणून ते गोल असावेत. ही दुरुस्ती एका हंगामापुरती समजावी. कायमची दुरुस्ती उष्णतेनेच होते.

निळ्या ताडपत्रीचे तळे असेल, तर ठिगळे लावत बसण्यापेक्षा मे महिन्यात अस्तर बदलण्याचाच विचार करावा. चाळीवर आणि दुकानांवर चार महिने तग धरणारी ताडपत्री उन्हात वर्षभर टिकण्यासाठी बनवलेली नसते. सूर्याच्या अतिनील किरणांनी ती ठिसूळ होते आणि घडीवर तडकते. शेततळ्याच्या काळ्या कागदात साधारण २ टक्क्यांच्या वर कार्बन ब्लॅक असते, ते ही किरणे शोषून आतल्या प्लास्टिकचे रक्षण करते. काळा रंग शोभेचा नाही. नवा कागद घेताना ५०० मायक्रॉन जाडी आणि विणलेल्या, लेपित एचडीपीई (उच्च घनतेचे पॉलिथिन) अस्तरासाठी असलेल्या आयएस १५३५१ या मानकाचा छाप पाहून घ्यावा, आणि शक्य तितका कमी जोडांचा, तळ्याच्या मापाने कारखान्यातच जोडून आलेला एकसंध कागद मागावा.

तळाचा कागद फुगला असेल तर

ही तक्रार जुलैमध्ये येते आणि ती गळतीपेक्षा वेगळी आहे. मुसळधार पावसात आपल्याकडे भूजल जमिनीच्या अगदी जवळ येते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास साडेचार मीटरच्या वर भरती असताना खाडीकाठी पाण्याला निचरायला जागा राहत नाही. तळे रिकामे असेल तर खालचे पाणी कागदाला वर ढकलते. कागदाखाली राहिलेले गवत आणि मुळे कुजून तयार झालेला वायूही असाच फुगा आणतो. कितीही मोह झाला तरी फुगा सुईने टोचू नये किंवा त्यावर पाय देऊ नये. टोचल्याने वायू जाईल, पण छिद्र राहील, आणि तेही तळाला, जिथे पोहोचणे सर्वांत कठीण असते. मेअखेर तळ्यात किमान अर्धा मीटर पाणी राखून ठेवणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, कारण त्या पाण्याचे वजनच कागदाला दाबून धरते. पावसाने तळे भरत गेले की पाण्याने आलेला फुगा बहुधा स्वतःच बसतो. तळे भरूनही बसला नाही, तर तो वायूचा आहे, आणि तिथे तज्ज्ञ लागतो.

कुठे थांबायचे

भरलेल्या किंवा अर्ध्या भरलेल्या अस्तराच्या तळ्यात कोणीही उतरू नये. उत्तम पोहणाऱ्यानेही उतरू नये. शेवाळलेल्या प्लास्टिकच्या उतारावर हात किंवा पाय रोवायला काहीच मिळत नाही. माणूस काठापासून दोन हातांवर असतो आणि तरीही वर येऊ शकत नाही. महाराष्ट्रात अशा तळ्यांत बुडून माणसे, विशेषतः मुले आणि त्यांना वाचवायला उतरलेले नातेवाईक, दगावल्याच्या बातम्या वारंवार येतात. दुरुस्ती सुरू करण्याआधी चारही बाजूंनी गाठी मारलेले जाड दोर पाण्यापर्यंत सोडलेले असावेत, तरंगणारी ट्यूब हाताशी असावी, कुंपण असावे आणि काठावर दुसरे माणूस उभे असावे. आमच्या वाडीत दोर नसताना माझ्या काकांनी मला तळ्याजवळ फिरकू दिले नाही, आणि तीच शिस्त मी पुढे सांगतो. पाण्यातील पंपाला हात लावण्यापूर्वी वीज मुख्य बटणावरूनच बंद करावी. बिळांच्या आसपास ओल्या मातीत काम करताना गमबूट घालावेत. पायाला जखम असेल तर काम दुसऱ्यावर सोपवावे, कारण उंदीर-घुशींच्या मुत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो.

बांधाच्या बाहेरून झिरपणारे पाणी गढूळ असेल, तर बाकीच्या सगळ्या तपासण्या बाजूला ठेवाव्यात. स्वच्छ पाणी झिरपते तेव्हा पाण्याचेच नुकसान होते. गढूळ पाणी येते तेव्हा बांधाची माती आतून वाहून जात असते, आणि असा बांध अचानक फुटू शकतो. खालच्या बाजूची घरे आणि गोठे यांना लगेच कळवावे, पंपाने पातळी उतरवायला घ्यावी आणि स्थापत्य अभियंत्याला बोलवावे. बांधाच्या माथ्यावर लांबीला समांतर भेग दिसली तरीही हेच करावे.

याशिवाय, जोड वीतभराहून अधिक उकलला असेल, पाइपाचा गळा पाण्याखाली फाटला असेल, कडा चरातून निसटून कागद उतारावरून घसरला असेल, किंवा कागद बोटांनी दुमडल्यावर तडकत असेल, तर अस्तरीकरण करणाऱ्या, स्वतःचे वेल्डिंग यंत्र असलेल्या कारागिराला बोलवावे. एचडीपीई सुमारे १३० अंश सेल्सिअसला वितळते. घरगुती हीटगनने एक जागा वितळते आणि शेजारची जळते, त्यातून जोड अधिक कमकुवत होतो. कारागीर दुहेरी जोड करत असेल तर दोन वेल्डच्या मधल्या पोकळीत हवा भरून ती टिकते का हे आपल्यासमोर दाखवायला सांगावे. मोठ्या तळ्यात छिद्र सापडतच नसेल, तर विजेच्या सूक्ष्म प्रवाहाने छिद्र शोधणारे तज्ज्ञ असतात. त्यांचा खर्च लहान वाडीला परवडत नाही, पण अनेक वाड्यांनी मिळून सोसायटीच्या मोठ्या तळ्यासाठी तो करणे योग्य ठरते.

कारागीर येण्यापूर्वी पुढील माहिती कागदावर तयार ठेवावी : तळ्याची मापे, कागदाची जाडी आणि वय, बादलीच्या मोजणीतून आलेली दररोजची गळती, पातळी जिथे स्थिरावते ती उंची, टीडीएसचे ऑक्टोबर आणि आजचे आकडे, आणि रंग ओढला गेला त्या जागेचे छायाचित्र. ही माहिती नसेल तर तो संपूर्ण तळे रिकामे करायला सांगतो, आणि जानेवारीत रिकामे केलेले तळे जूनपर्यंत भरत नाही. दुरुस्तीची तारीख शक्यतो मेच्या मध्यावर ठरवावी, जेव्हा पाणी तळाशी आलेले असते, कागद कोरडा असतो आणि वेल्ड नीट बसतो. होडीतून यंत्र आणि जनरेटर आणायचे असल्यास जेट्टीवर आधी बोलून घ्यावे, कारण जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर समुद्र त्याला परवानगी देईलच असे नाही.